जासईत नास्तिक कसं व्हावं (जेवणखाण सांभाळून)

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही नास्तिक व्हायचं ठरवलंत, आणि तेही उरण तालुक्यातल्या जासईत राहून. पुण्या-मुंबईत हे काम सोपं आहे, फ्लॅटचं दार लावून घेतलं की माणूस नास्तिक. आपल्याकडे दाराला कडी असते, पण दिवसा ती लावायची पद्धत नाही. शेजारच्या काकी सरळ आत येतात, ओट्यावर प्रसादाची वाटी ठेवतात आणि "आई कुठं गेली?" म्हणून विचारतात. त्या वाटीचं काय करायचं, इथून तुमचा अभ्यासक्रम सुरू होतो.

प्रस्तुत लेखकाला या क्षेत्रातला बावीस वर्षांचा अनुभव आहे. त्यातली पहिली चार वर्षं अज्ञातवासात गेली. म्हणजे मी देव मानत नाही हे फक्त मला आणि देवाला माहीत होतं.

१. आधी संख्याबळ पाहून घ्या

२०११च्या जनगणनेत ज्यांच्या नावापुढे स्पष्टपणे नास्तिक अशी नोंद झाली, ती माणसं अख्ख्या देशात साधारण ३३ हजार. त्यात महाराष्ट्राचा पहिला नंबर, साडेनऊ हजारांच्या थोडे वर. चैत्रातल्या यात्रेला कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्यांवर याहून जास्त माणसं नुसती चपला शोधताना दिसतील.

निराश होऊ नका. आकडा कसा तयार होतो हे मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे जनगणनेला आले ते मला चौथीत शिकवलेले गुरुजी. धर्माच्या रकान्याशी आले, माझ्याकडे पाहिलं, मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांनी ‘हिंदू’ लिहून टाकलं. म्हटलं, "गुरुजी, मी देव मानत नाही." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आधी बोलायचं ना. पेन आहे हे, पेन्सिल नाही. खोडाखोड चालत नाही." मग मातृभाषा विचारली आणि चहा मागितला.

२. जाहीर करू नका, गळू द्या

नास्तिकपणाची घोषणा करायची नसते. कौलातून पाणी गळतं तशी ती गळू द्यायची असते. त्यासाठी उत्तम जागा म्हणजे केस कापायचं दुकान. मानेला वस्तरा लागलेला असताना सहज म्हणायचं, "नाही हो, मी उपवास नाही करत. मानतच नाही ना मी." वस्तरा क्षणभर थांबतो. तो थांबला की समजा, संध्याकाळच्या आत बातमी दास्तान फाट्याला पोचली. रात्री जेवताना वडील ताटातून मान वर न करता विचारतील, "काय बोललास तिकडं?" तुमचा प्रवेश निश्चित झाला.

३. वाचन करा, पण बेताने

आगरकर वाचाच. त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि पुण्याच्या लोकांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, हे वाचून नवशिक्याला हुरूप येतो. आपलीही अशी निघेल ही आशा मात्र बाळगू नका. त्यासाठी आधी कंटेनरच्या ट्रेलरवाल्यांना रस्ता सोडायला सांगावं लागेल, आणि उरणच्या रस्त्यावर ते खऱ्या मयतालासुद्धा सोडत नाहीत.

र. धों. कर्वे वाचा. १९२७ पासून १९५३ पर्यंत एकट्याच्या खांद्यावर ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारा माणूस. फक्त त्याचे जुने अंक आईच्या हाती लागू देऊ नका. नास्तिकपणा ती एकवेळ समजून घेईल, मुखपृष्ठ नाही. डॉ. श्रीराम लागूंचं "देवाला रिटायर करा" हेही माहीत असू द्या, पण नाक्यावर त्याचा दाखला देऊ नका. "ते मोठे लोक, त्यांना चालतं" असं उत्तर येतं. लागूंचं ते लागूंना लागू.

पुस्तकांची खरी अडचण वेगळीच आहे. त्यातले बहुतेक नास्तिक भटजींशी भांडून मोठे झालेत. आपल्याकडे, आगऱ्यांच्या लग्नात, पूर्वापार धवलारीण असायची. बाईमाणूस. ती धवले गायची आणि लग्न लागायचं. मी पंचविशीत मोठ्या बाणेदारपणे घरात जाहीर केलं, "माझ्या लग्नात भटजी नको!" आजी सुपारी कातरत होती. म्हणाली, "बरा झाला. आमच्यात कवा व्हता?" आणि दुसऱ्या दिवशी जाऊन धवलारणीला सांगून आली. धवलारणीने लग्नात एकूण एक देवाला नावानिशी बोलावलं. भटजी आला असता तर निम्मे विसरला असता.

तेव्हा बंड करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून घ्यावं की हे बंड आपल्यात आधीच झालेलं तर नाही ना.

४. शेरे पाठ करा

शेरे फुकट असतात आणि न मागता मिळतात. सुदैवाने त्यांचे प्रकार फार नाहीत.

पहिला वैद्यकीय. "तरुनपनी समदेच असतान रं." म्हणजे नास्तिकपणा ही मुरुमांसारखी गोष्ट, वयात येते, वयात जाते. चाळिशी ओलांडलीत की निदान बदलतं: "टाइम आला का आठवंल." हा टाइम म्हणजे हॉस्पिटल. माझ्या मुतखड्याच्या वेळी चारजण केवळ मला आठवतंय का ते बघायला आले होते. एकाने कॉटवर वाकून विचारलं, "कय आठवला का?" मी म्हटलं, "पाणी प्यायचं विसरलो होतो, ते आठवलं." तो नाराज होऊन मोसंबी परत घेऊन गेला.

दुसरा हिशेबी. "मग दिवाळीची सुट्टी का घेतोस?" यावर "रविवारची घेतो म्हणून मी ख्रिस्ती झालो का?" असं उत्तर तयार ठेवतात, पण वापरू नका. फार हुशार दिसतं आणि हुशार दिसलेला माणूस गावात पुन्हा निवांत चहा पिऊ शकत नाही. याच प्रकाराचा गावरान अवतार जत्रेत भेटतो: "देवाला नाय मानस ना? मंग जत्रंचा मटन कसा खातंस?" इथे वाद घालणारा नास्तिक नवशिका समजावा. मुरलेला नास्तिक म्हणतो, "जरा रस्सा वाढ."

तिसरा शास्त्रीय. "इस्रोचे साहेब रॉकेट सोडायच्या आधी तिरुपतीला जातात, तू त्यांच्यापेक्षा शहाणा का?" जातात हे खरंच आहे. यावर गप्प बसावं. माझा एक मित्र म्हणाला होता, "रॉकेटमध्ये इंधन भरून जातात ना?" त्याला अजून लोक ‘इंधन’ म्हणतात.

चौथा तडजोडीचा आणि म्हणून सर्वांत चिवट. "बरं, देव राहू दे. पण काहीतरी शक्ती आहे, एवढं तरी मान." हा शेरा मारणारा मनाने चांगला असतो. त्याला तुमच्यासाठी काहीतरी कमी भावात मिळवून द्यायचं असतं. तो एक एक पायरी खाली येतो: देव नाही तर शक्ती, शक्ती नाही तर निसर्ग, निसर्ग नाही तर "आई-बापाला तरी मानतोस का?" मानतो म्हणालात की तो खूश होऊन उठतो, "बघ! मानतोस की." आणि गावभर सांगतो, सुधारला.

आता प्रात्यक्षिक. मागच्या पावसाळ्यात गव्हाण फाट्याच्या अलीकडे माझी गाडी पंक्चर झाली. पाठीमागून ट्रेलर चाललेले, अंगावर चिखल, मी गाडी ढकलतोय. ओळखीचे तिघे थांबले. पहिला म्हणाला, "गाडीला लिंबू नाय बांधला ना?" दुसरा म्हणाला, "आज अमावस्या." तिसऱ्याने मान डोलावली आणि मला सबुरीचा सल्ला दिला. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवलं, बुडबुडे आले तिथे बोट ठेवलं आणि चिमट्याने दोन इंचांचा खिळा बाहेर काढला. त्याच्या टपरीला लिंबू-मिरची होती. खाली त्याची स्वतःची मोपेड उभी होती, पुढचं चाक बसलेलं.

हे मी त्या तिघांना दाखवलं नाही. तुम्हीही दाखवू नका.

५. तीर्थ आणि नारळ

ऑफिसात सत्यनारायण असतो. गोदाम नवं असो की जुनं, क्रेन आली असो की गेली असो, पूजा होते. तुम्ही रजा टाकू नका. रजा टाकणारा नास्तिक स्वतःला फार महत्त्व देतो, शिवाय शिरा बुडतो. सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप घातलेला आणि केळं पडलेला तो शिरा घरी कुणालाही जमत नाही. का जमत नाही याचं ऐहिक स्पष्टीकरण मी अजून शोधतोय. हा माझ्या नास्तिकपणातला एकमेव कच्चा दुवा आहे.

प्रश्न तीर्थाचा. पळी पुढे येते, हात आपोआप पुढे जातो, तळव्यावर थंडगार चमचाभर पाणी पडतं आणि वाढणारा तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. आता तीन मार्ग. पिणे. ओठांना लावल्यासारखं करणे. किंवा डोळे मिटून सगळं डोक्यावरून फिरवणे. तिसरा मार्ग श्रेष्ठ. बघणाऱ्याला भक्ती वाटते आणि भांग बसतो.

नारळाचं वेगळं आहे. हाताला जोर आहे म्हणून फोडायला तुम्हालाच बोलावतील. जपून. आस्तिकाच्या हातून नारळ नासका निघाला तर "देवानं घेतला, काम झालं समज" असं म्हणून सगळे हात जोडतात. तोच नारळ माझ्या हातून नासका निघाला तेव्हा कुणी काहीच बोललं नाही. एकाने फक्त हळूच सुरी काढून घेतली आणि प्रसादाच्या केळ्यांवर वर्तमानपत्र झाकलं.

६. दुसऱ्याने केलेला नवस फेडणे

हा भाग नीट वाचा, कारण इथे चांगले चांगले घसरतात.

तुम्ही नवस करणार नाही हे ठीक. पण तुमच्या नावाने तो कधीच झालेला असतो. मला दहावीच्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा आईने एकवीरेला बोललेलं होतं. मी बरा झालो, पास झालो, नोकरीला लागलो, नास्तिक झालो. नवस तिथेच. आई दर चैत्रात म्हणायची, "जायाला पायजे." मी दर चैत्रात समजावून सांगायचो की अँटिबायोटिक नावाची वस्तू असते. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्या गोळीला पन गुण कुनी दिला?"

शेवटी तिचे गुडघे गेले, तेव्हा मी गाडी केली. कार्ल्याला पायथ्यापासून तिला एका हाताने धरून पायरी पायरी चढवली. दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत जिवंत कोंबडी. दर दहा पायऱ्यांवर आई बसायची, कोंबडी बोलायची आणि उतरणारी माणसं थांबून माझ्याकडे कौतुकाने बघायची. एका म्हातारीने तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "असा देवभक्त पोरगा समद्यांना मिलो." आई काही बोलली नाही. पण पुढच्या दहा पायऱ्या ती न बसता चढली.

वर पोचल्यावर देवीची रांग डावीकडे सोडून तुम्ही लेणं बघायला जाऊ शकता. दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह, देशातल्या भव्य चैत्यगृहांपैकी एक, आणि त्याच्या अगदी दारात आपल्या कुलस्वामिनीचं देऊळ. सृष्टी कुणी निर्माण केली या प्रश्नावर वेळ न घालवणाऱ्यांनी कोरलेला दगड आणि त्याच्या उंबऱ्यावर आमची कोंबडी. मला हे शेजार फार आवडतं. कुणी कुणाला उठ म्हणत नाही.

एक पथ्य. २०१७ साली या देवळाचा कळस चोरीला गेला होता. "तेव्हा देवी काय करत होती?" हा प्रश्न तुमच्या जिभेवर येईल. येऊ द्या, गिळा. खाली उतरायचंय आणि गाडी भाड्याची आहे.

७. कागदपत्रं

कायदा तुमच्या बाजूने आहे, फार काळजी करू नका. इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली खासदार म्हणून निवडून आला, तो जाहीर नास्तिक म्हणून त्याला शपथेवरून सहा वर्षं लटकवलं. हाच ब्रॅडलॉ १८८९ साली काँग्रेसच्या मुंबईच्या अधिवेशनाला आला होता. आपल्या राज्यघटनेने हा घोळ सुरुवातीलाच मिटवला. देवाच्या नावाने शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक सांगा, खुर्ची तीच मिळते. धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, ‘कोणताही धर्म नाही’ असं सांगायचा हक्क नागरिकाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगून ठेवलंय.

मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मी हे सगळं क्लार्कसमोर सव्वातीन मिनिटांत मांडलं. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "साहेब, कोर्टाचं बरोबर आहे. पण रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही." मग आम्ही दोघांनी मिळून त्या कॉम्प्युटरला बरीच प्रार्थना केली.

८. हात

हात कुठे जोडायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनवाढ अडली. तो उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली न्यायालयाने सांगितलं, अशी सक्ती करता येत नाही.

जासईत याला एक पोटकलम आहे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी गेले. दर जानेवारीला गाव जमतं. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील याच गावचे, १९२६चा जन्म. नवी मुंबईच्या विमानतळाला कुणाचं नाव असावं हे इथल्या शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. जासईत एक नाव असं आहे की ज्याबद्दल शंका काढायची नसते, आणि ते देवाचं नाही. तिथे मी हात जोडतो. शेजारचा काका दर वर्षी कोपराने ढोसतो, "जोडलंस ना?" मी म्हणतो, "ही माणसं होती काका." तो म्हणतो, "मंग देव कोन असतान?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की पुढच्या आवृत्तीत देईन.

९. एक टप्पा लवकर आटोपतो

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती तर "देवाला मानू नका" असं सांगतसुद्धा नव्हती. देवाच्या नावावर लुबाडू नका, एवढंच म्हणत होती. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं पडून होता, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला. २०२४ साली दोघांना जन्मठेप झाली.

त्या आठवड्यात नाक्यावर मला कुणी चिडवलं नाही. मटणावरून बोलणाऱ्यानेच मला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "जपून रं बाला." तो शेरा कोणत्या प्रकारात टाकायचा हे मला ठरवता आलेलं नाही. महिन्याभराने तो पुन्हा रश्श्यावर आला, तेव्हा मला बरं वाटलं.

१०. साडेबारा टक्के

आता गुपित. सरकारने आपल्या जमिनी घेतल्या आणि लढल्यावर साडेबारा टक्के विकसित करून परत द्यायचं ठरलं. नास्तिकपणाचंही गावाने तेच सूत्र ठेवलंय. तुम्ही मनात शंभर टक्के नास्तिक असा, गावाला साडेबारा टक्क्यांचीच परवानगी आहे. उरलेल्यात पालखी दारात आली की चप्पल काढायची, हळदीला पहाटेपर्यंत नाचायचं, मयताला खांदा द्यायचा आणि वर्गणी. तुम्ही काय मानता हे खरं म्हणजे कुणी विचारतच नाही. आलात का आणि किती दिलेत, एवढंच विचारतात.

वर्गणी मी पहिल्या वर्षी तत्त्व म्हणून नाकारली. खजिनदारांनी वाद घातला नाही. आमच्या ओटीवर बसले, पाणी मागितलं, मग चहा, मग पेपर वाचायला घेतला. दुपारी आईने त्यांना जेवायला वाढलं. चार वाजता मी पैसे दिले. तेव्हापासून देतोय.

आता आमच्या आळीत एकाच नावाचे तीन पाटील. गावाने सोयीसाठी एकाला टेलर केलं, एकाला डंपर, आणि तिसरा मी. मला वाटायचं बावीस वर्षं मी एक भूमिका घेऊन जगतोय. परवाच्या जत्रेत मंडपातून माइकवर आवाज आला, सगळ्या गावाने ऐकला: "पाटील डंपर यांच्याकडून गावदेवीच्या चरणी पाच हजार एक रुपये! पाटील नास्तिक यांच्याकडून गावदेवीच्या चरणी अकराशे एक रुपये!"

दुसऱ्या दिवशी मी पावती घेऊन खजिनदारांना गाठलं. पावतीवरही तसंच होतं, निळ्या शाईत, कंस न करता. म्हटलं, "नाना, हे बरं दिसतं का?"

त्यांनी पावती लांब धरून पाहिली, पावतीपुस्तक चाळलं आणि मान हलवली.

"नाय दिसत," ते म्हणाले. "डंपरनं पाच दिलं. तू अकराशे. पुढल्या सालाला दोन तरी कर."